पुण्याचा उन्हाळा रात्री मोजा

एप्रिल उजाडला की पुण्यात एक वाद हमखास रंगतो. कुणीतरी म्हणतं, पुणं आता पूर्वीचं राहिलं नाही, काय हा उकाडा! त्यावर दुसरा लगेच दाखला देतो: ३० एप्रिल १८९७ रोजी पुण्यात ४३.३ अंश सेल्सिअस तापमान होतं, मग वाढलं कुठे? २८ एप्रिल २०१९ रोजी शिवाजीनगरच्या वेधशाळेत पारा ४३ अंशांवर गेला, तेव्हाही १८९७ चा विक्रम शाबूतच राहिला. दोन्ही आकडे खरे आहेत, पण त्यांच्या जोरावर काढलेला निष्कर्ष खोटा आहे. दुपारचा उच्चांक हा पुण्याच्या हवेचा कणाच नव्हता. पुण्याची खरी मिळकत होती ती रात्र. आणि आपण गमावत आहोत तीही रात्रच.

पुणं कधी थंड हवेचं ठिकाण नव्हतं, हे आधी मान्य करायला हवं. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर पावसाळ्यात पुण्याला, गणेशखिंडीत मुक्काम हलवायचे. उन्हाळ्यात मात्र ते महाबळेश्वर गाठायचे. पुण्यातली मे महिन्याची दुपार त्यांनाही सोसवत नसणार. समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंची, सह्याद्रीच्या पूर्वेला पर्जन्यछायेकडे झुकलेली जागा आणि त्यामुळे कोरडी हवा, असा हा प्रदेश. एप्रिलमध्ये इथलं सरासरी कमाल तापमान ३८ च्या आसपास आणि किमान २० ते २१. म्हणजे एकाच दिवसात १७ अंशांची चढउतार. दुपार कितीही तापली तरी संध्याकाळी पश्चिमेकडून, घाटावरून वारा सुटायचा आणि दहा-अकरानंतर अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटायचं. निवृत्त माणसं इथे घर बांधायला यायची ती या रात्रींच्या आणि रिमझिम पावसाळ्याच्या भरवशावर. पंख्याविना झोप लागणं ही इथल्या मध्यमवर्गाला चैन वाटत नव्हती, ती गृहीतच धरलेली होती.

हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असलं की दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता वर सोडून देते. उष्णतेला अडवायला ढग नाहीत, फारशी वाफ नाही. म्हणून पारा झपाझप उतरतो. माती, गवत, कौल हे सगळं लवकर निवतं. सिमेंट काँक्रीट आणि डांबर निवत नाही. दिवसभर पोटात साठवलेली उष्णता ते मध्यरात्र उलटली तरी सोडत राहतं. त्यात समोरासमोर दहा-बारा मजली भिंती उभ्या केल्या, की एका भिंतीने टाकलेली उष्णता दुसरी भिंत घेते. आकाशाकडे जायला तिला फट उरत नाही. वाऱ्याची वाट अडते. प्रत्येक वातानुकूलन यंत्र खोलीतली उष्णता बाहेर फेकतं, वर स्वतःची भर घालतं. यालाच शहरी उष्णता बेट म्हणतात. ते सर्वांत तीव्र होतं वारा पडलेल्या, निरभ्र रात्री. पुण्याच्या उन्हाळ्यातल्या रात्री नेमक्या अशाच असतात. ज्या गुणामुळे या गावाची रात्र सुखाची होती, तोच गुण बांधकामाने मोडीत काढला.

यातलं विज्ञान पुण्याला नवं नाही. १९२८ मध्ये भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिसच म्हणतात. १९३२ मध्ये खात्यातले शास्त्रज्ञ एल. ए. रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी दाखवून दिलं की शांत, निरभ्र रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला चिकटून नसते, ती वीत-दोन वीत उंचीवर असते. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत तो थर आज रामदासांच्या नावाने ओळखला जातो. ज्या गावात शास्त्रज्ञांनी वीतभर उंचीच्या फरकाने तापमान कसं बदलतं हे मोजलं, त्याच गावात आपण पाचशे चौरस किलोमीटरच्या शहराला एकच तापमान असल्यासारखं बोलतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तो एक आकडा येतो कुठून, हे जवळून पाहण्यासारखं आहे. चार पायांवर उभी पांढरी लाकडी पेटी, चारी बाजूंना झडपांसारख्या तिरप्या पट्ट्या, आत तापमापक; जमिनीपासून सव्वा मीटर उंच, खाली हिरवळ, आजूबाजूला मोकळी जागा. दार उत्तरेकडे उघडणारं, म्हणजे वाचन घेतानाही ऊन आत येऊ नये. या पेटीला स्टीव्हन्सन पडदा म्हणतात. शंभर वर्षांपूर्वीचा आकडा आणि आजचा आकडा शेजारी ठेवून तुलना करायची तर मोजण्याची रीत अशीच काटेकोर हवी, त्याबद्दल वेधशाळेचे आभारच मानले पाहिजेत. पण सावलीत, हिरवळीवर, चारी बाजूंनी वारा खेळणाऱ्या जागेत पुण्यात राहतं कोण? गेल्या काही वर्षांत कोरेगाव पार्क, मगरपट्टा, वडगाव शेरी, चिंचवड, पाषाण, लवळे अशा ठिकाणी स्वयंचलित हवामान केंद्रं आली आणि एकाच रात्री शहराच्या दोन टोकांत पाच-पाच अंशांचा फरक दिसू लागला. शिवाजीनगरला पहाटे बऱ्यापैकी गारवा असतो तेव्हा मगरपट्ट्यात पारा उतरायचं नाव घेत नाही. बातमीत मात्र "पुण्याचं किमान तापमान" म्हणून शिवाजीनगरचाच आकडा छापून येतो.

या विषयावर बोलणाऱ्यांनी एक अडचणीची गोष्टही लपवू नये. पुण्याच्या १९०१ ते २००० या शंभर वर्षांच्या तापमानाचा एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असं आढळलं की विसाव्या शतकात पुण्याचं वार्षिक सरासरी आणि कमाल तापमान वाढलं नव्हतं, उलट उतरलं होतं, हिवाळ्यात जास्तच. पावसाळ्यातलं तेवढं चढलेलं होतं. तापमानवाढ ही अफवा आहे असं मानणाऱ्यांना हा निबंध फार आवडेल. पण अभ्यासकांनी या उतरणीमागे सुचवलेलं कारण त्यांनी वाचायला हवं: हवेत तरंगणाऱ्या धूलिकणांचं वाढतं प्रमाण. वाहनं, कारखाने, बांधकामं यांच्या धुळीचा आणि धुराचा पडदा ऊन अडवतो. २०२० मध्ये केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने देशाच्या हवामान बदलाचा जो पहिला सविस्तर आढावा प्रसिद्ध केला, त्याचं काम पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतूनच झालं. त्यातही हेच म्हटलं आहे: १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं, आणि हरितगृह वायूंमुळे होणारी वाढ काही अंशी धूलिकणांमुळे झाकली गेली. म्हणजे आपण वाचलो होतो ते आपल्याच प्रदूषणाच्या आडोशाने. हवा स्वच्छ करायची तर केलीच पाहिजे, लोकांची फुप्फुसं त्यावर अवलंबून आहेत; पण तो पडदा विरळ होईल तशी झाकलेली उष्णता उघडी पडेल, हेही ध्यानात ठेवायला हवं.

आता रोजच्या बातमीतला "सरासरीपेक्षा दोन अंश जास्त" हा शब्दप्रयोग घेऊ. ही सरासरी तीस वर्षांची असते आणि ती दर दहा वर्षांनी पुढे सरकवली जाते. पूर्वी १९८१ ते २०१० ची धरत, आता १९९१ ते २०२० ची. जगभर हीच पद्धत आहे आणि शेतीच्या, विजेच्या नियोजनाला ती सोयीची आहे. पण तिच्यामुळे एक घोटाळा होतो. तापलेली वर्षं स्वतःच सरासरीत शिरतात आणि सरासरीला वर उचलतात. २०२४ हे १९०१ पासूनचं भारतातलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. ते सरासरीपेक्षा ०.६५ अंशाने जास्त होतं, असं हवामान खात्याने सांगितलं. ही तुलना १९९१ ते २०२० शी, म्हणजे आधीच तापलेल्या काळाशी. वाचणाऱ्याला वाटतं, अर्धा-पाऊण अंश तर आहे! आजोबांच्या काळाशी तुलना केली तर तो आकडा बराच मोठा होईल. उष्णता वाढत जाते आणि "सर्वसाधारण" या शब्दाचा अर्थही तिच्यामागून सरकत जातो.

सरकारी निकषांत ही गोष्ट पुण्याला सर्वांत जास्त नडते. मैदानी भागात उष्णतेची लाट जाहीर करायची तर कमाल तापमान किमान ४० अंश हवं आणि ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त हवं. किंवा मग थेट ४५ अंश. आता पुण्याचा हिशेब करा. एप्रिलअखेरची सरासरी ३८, त्यात साडेचार मिळवले की झाले साडेबेचाळीस. शिवाजीनगरचा सव्वाशे वर्षांचा विक्रम ४३.३. म्हणजे नियमाने लाट म्हणवून घ्यायला पुण्याला इतिहासातल्या सर्वांत तप्त दिवसाच्या जवळपास जावं लागतं! ४५ चा मार्ग तर बंदच. ४१ अंशांचा आठवडा गेला, लोक चक्कर येऊन पडले, तरी कागदोपत्री ती लाट नाही.

रात्रीचा निकष याहून जाचक आहे. हवामान खात्याच्या व्याख्येत "उष्ण रात्र" म्हणजे किमान तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा त्याहून जास्त असलेली रात्र. पण ती तेव्हाच धरायची, जेव्हा दिवसाचं तापमान ४० किंवा त्यावर असेल. मे महिन्यात पुण्यात काय होतं? दुपारी ३८, वळवाच्या आधीचा दमटपणा, आणि रात्री दोन-तीन वाजेपर्यंत वस्तीत २७-२८ अंश. माणसाला डोळा लागत नाही, पण व्याख्येत ही रात्र बसत नाही, कारण दुपार ४० ला पोहोचलीच नव्हती. राष्ट्रीय निकष सगळ्या देशाला एकसारखे असावे लागतात, हे मी समजू शकते. मग शहराने आपला स्वतःचा निकष करायला काय हरकत आहे? राष्ट्रीय खात्याने इशारा दिल्याशिवाय महापालिकेने पाणपोई उघडू नये, असा काही कायदा नाही.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत राहतात. दहा बाय दहाची खोली, वर पत्रा, पत्र्याखाली पोटमाळा. पाणी सकाळीच येतं, म्हणून त्या एक पिंप संध्याकाळसाठी राखून ठेवतात. सूर्य कलला की शिडी लावून पत्र्यावर ओली गोणपाटं टाकायची. पहिल्या तांब्याला पत्र्यावर चुर्र आवाज होतो आणि पाणी दिसेनासं होतं. पोटमाळ्यावर थोरला मुलगा अभ्यास करतो आणि झोपतो. एप्रिल-मेमध्ये तिथे हात वर केला तर पत्र्याची धग तळहाताला लागते, म्हणून तो गणपती मंडळाच्या ओट्यावर चटई टाकतो. मावशींची सून आणि तिचं तान्हं मूल मात्र ओट्यावर झोपू शकत नाहीत. खिडकी एकच, ती गल्लीत उघडते, आणि रात्री बाईमाणसाने ती उघडी ठेवून झोपायचं म्हणजे दुसरीच काळजी. सकाळी सहाला मावशी कामाला निघतात त्या न झोपता. दिवसभराच्या उन्हाने थकलेलं शरीर रात्रीच्या गारव्यात सावरतं. हृदयाचे ठोके, रक्तदाब, अंगातलं पाणी सगळं तेव्हा पूर्वपदावर येतं. ती उसंत सलग पाच-सहा रात्री मिळाली नाही की मधुमेही, हृदयविकाराचे, मूत्रपिंडाचे रुग्ण, म्हातारी माणसं आणि बाळं कोलमडतात. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं जातं हृदयविकाराचा झटका. उष्माघाताच्या यादीत ते नाव कधीच येत नाही.

आकडा कमी दिसला म्हणून धोका कमी, हा समज किती जीवघेणा आहे हे १६ एप्रिल २०२३ ला खारघरला दिसलं. महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या सोहळ्यात लाखो माणसं भर उन्हात बसली होती. पारा चाळिशीच्या आतच होता, पण समुद्राकाठचा दमटपणा आणि डोक्यावर छप्पर नाही. चौदा माणसं गेली. त्या एका दुपारनंतर तरी फक्त पाऱ्याकडे बघून निर्णय घेणं थांबायला हवं होतं.

अहमदाबादने हे आपल्याआधी ओळखलं. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ वर गेला. त्या महिन्यातले मृत्यू नेहमीच्या मे महिन्यांशी ताडून पाहिले, तेव्हा तेराशेहून जास्त मृत्यू अधिकचे निघाले. उष्माघात म्हणून नोंदलेले मृत्यू या मानाने अगदीच थोडे होते. मग महापालिकेने तज्ज्ञांना बरोबर घेऊन शहरातले रोजचे मृत्यू आणि रोजचं तापमान शेजारी मांडलं, कोणत्या अंशापासून माणसं मरू लागतात ते शोधलं आणि त्यावरून आपले इशाऱ्याचे टप्पे ठरवले. २०१३ मध्ये अमलात आलेला तो उष्णता कृती आराखडा दक्षिण आशियातल्या शहरांत पहिला. माझ्या मते यातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे अहमदाबादने आपला आकडा आपल्या मृत्यूनोंदवहीतून काढला, तो कुणाकडून उसना घेतला नाही. पुणे महापालिकेकडेही जन्म-मृत्यू नोंदणी आहे, वयासह, पत्त्यासह, तारखेसह. शिवाजीनगर आणि लोहगावचं रोजचं किमान-कमाल तापमान आहे, आता दमटपणाच्या नोंदीही आहेत. त्यांची सांगड घालायला हवामान खातं, उष्णदेशीय संस्था, बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय, गोखले संस्था हे सगळे याच गावात बसलेले आहेत. देशात दुसऱ्या कुठल्या शहराला ही सोय नसेल.

पुण्याचा निकष रात्रीपासून सुरू व्हावा. सलग दोन रात्री अमुक अंशाखाली पारा उतरला नाही की दुसऱ्या दिवशी इशारा, मग दुपार ३८ ची असो की ४१ ची. तो अमुक अंश किती, हे मृत्यूनोंदी सांगतील. मी अंदाजाने सांगू नये. इशाऱ्याबरोबर काय काय हलायला हवं ते मात्र उघड आहे. बांधकामावरच्या मजुरांना दुपारची सुटी, आणि बुडालेल्या तासांची मजुरी ठेकेदाराकडून. सफाई कामगारांच्या पाळ्या पहाटे. वस्त्यांना संध्याकाळी एक वेळ जादा पाणी. मावशींसारख्यांना ते पत्र्यावर टाकायला लागतं, प्यायलाही लागतं. महापालिकेच्या शाळा आणि समाजमंदिरं रात्री झोपण्यासाठी उघडी, बायकांसाठी वेगळी व्यवस्था आणि दारावर माणूस. पत्र्यांना उन्हाळ्याआधी चुन्याचा किंवा ऊन परतवणाऱ्या रंगाचा हात. या शेवटच्या कामाला फार मोठा खर्च नाही. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांसाठी पाच वर्षांचं धोरणच जाहीर केलं.

हे झालं जीव वाचवण्याचं. रात्र परत मिळवायची तर हात घालावा लागतो तो बांधकाम परवानग्यांत. १९५१ मध्ये पाच लाखांच्या आत असलेलं हे शहर २०११ मध्ये ३१ लाखांवर गेलं; १९९७, २०१७, २०२१ असे टप्प्याटप्प्याने गावं आत घेऊन हद्द पाचशे चौरस किलोमीटरपलीकडे गेली. एवढी माणसं राहणार कुठे, हा प्रश्न खरा आहे, आणि टेकड्यांवर फिरायला जाणाऱ्यांनी तो झटकून टाकणं मला पटत नाही. पण घरं हवीत म्हणून वेताळ टेकडीतून रस्ता हवाच, टेकड्यांवरचं जैवविविधता उद्यानाचं आरक्षण उठवायलाच हवं, नदीकाठची झाडं जायलाच हवीत, हे त्यातून निघत नाही. टेकड्या आणि नदीपात्र हे शहरातले रात्रीच्या गार हवेचे साठे आणि वाऱ्याच्या वाटा आहेत. त्यांची राखण हा चंगळीचा विषय नाही. पायथ्याच्या पत्र्याच्या खोल्यांना मिळणारा उरलासुरला गारवा तिथूनच उतरतो. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारती हात लांबवला तर समोरच्या खिडकीला लागेल इतक्या खेटून बांधल्या जातात. त्या माणसांना पक्कं घर मिळतं, पण पत्र्याखालची उष्णता काँक्रीटच्या आत येऊन बसते. परवानगी देताना या इमारतीने शेजारची रात्र किती अंशांनी तापेल, वारा कुठून येईल, हे विचारणारा एकही रकाना आज अर्जात दिसत नाही. तो घालायला हवा.

झाडांचंही तसंच. २०२१ च्या दुरुस्तीनंतर राज्याचा वृक्ष कायदा सांगतो की तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावायची. आकडा भरतो, पण रोपं लागतात गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत. गणेशखिंड रस्त्यावरचे वड गेले तेव्हा तिथल्या बसथांब्यावर उभं राहणाऱ्याची सावली गेली. दूरच्या एखाद्या माळावर शंभर रोपं लागून ती परत येत नाही. भरपाई त्याच प्रभागात आणि शक्यतो त्याच रस्त्यावर, असा नियम हवा.

यावर एक आक्षेप नेहमी ऐकू येतो: तापमानवाढ जगाची आहे, त्यात पुणे महापालिका काय करणार? जगाच्या वाढीत पुण्याचा हात तोकडा आहे, खरंच. पण एकाच शहरात, एकाच रात्री मगरपट्टा आणि पाषाण यांत पाच अंशांचा फरक पडतो, तो काही जगाने केलेला नाही. तो आपल्या विकास आराखड्याने, आपल्या चटई क्षेत्राच्या नियमांनी, आपल्या रस्तारुंदीने केला आहे, आणि तेवढा भाग तरी आपल्या हातात आहे. महापालिका दरवर्षी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल काढते. पुढच्या अहवालात प्रत्येक प्रभागाचं मार्च ते जून या चार महिन्यांचं रात्रीचं तापमान छापावं, शेजारी त्याच प्रभागातल्या त्याच महिन्यांतल्या मृत्यूंचा आकडा छापावा, आणि अंदाजपत्रकात छपरं, पाणी आणि सावली यांचा पैसा त्या यादीच्या वरच्या टोकापासून वाटावा.